पाठीला लागलेली माती

फोन आला तेव्हा दिगू खोत मागाखाली आडवा होता. इचलकरंजीच्या त्या शेडमध्ये बहात्तर माग होते आणि ते चालवायला एकही माणूस लागत नव्हता. पण माग रुसला की अजूनही जॉबरच लागायचा. दिगू जॉबर होता, नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगणारा.

"दिगा, हणमा बोलतोय."

वीस वर्षांत हणमंत मान्यानं त्याला तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा गावात कुणीतरी वारलं होतं.

"कोण गेलं?"

"अजून कोण न्हाई. पण वस्ताद जातील असं दिसतंय. तू कोल्हापूरला ये. ती डॉक्टरीण तुझं रक्त बघायचं म्हणतीय."

"माझं कशाला? तुझं बघा की. तू वस्तादांचा पठ्ठ्या."

"माझं बघितलं," हणमंत म्हणाला. "कोरं हाय म्हणं."

तातोबा खोत हे नाव पंचगंगेच्या काठाला सांगावं लागत नसे. नांदणगावच्या तालमीत त्यांनी चाळीस वर्षं पैलवान घडवले. एकुलत्या मुलाचं नाव त्यांनी दिग्विजय ठेवलं आणि नवव्या वर्षी त्याला आखाड्यात उतरवलं. आखाड्यात त्यानंही त्यांना वस्तादच म्हणायचं, आबा नाही. आठ वर्षं दिगू लढला आणि आठ वर्षं हरला. सतराव्या वर्षी, जत्रेच्या मैदानात, साऱ्या पंचक्रोशीसमोर तो वीस सेकंदांत चितपट झाला. त्याच संध्याकाळी त्यानं इचलकरंजीची एसटी धरली.

इस्पितळातल्या पलंगावर वस्ताद बसून होते. झोपलं की दम लागे. सव्वासहा फुटांच्या त्या सांगाड्यावर आता नुसती कातडी राहिली होती, पण आवाज तोच होता.

"ह्याला कुणी बोलावलं?" त्यांनी हणमंताला विचारलं. दिगूकडे पाहिलंही नाही.

"मी बोलावलं," खिडकीपाशी उभी असलेली तिशीतली डॉक्टर म्हणाली. तिचं नाव प्रांजली मगदूम. "इथं कुणाला बोलवायचं ते मी ठरवते, आजोबा."

"वस्ताद म्हण."

"बरं. वस्ताद."

तिनं भिंतीवरचा पडदा सुरू केला. सकाळी वस्तादांनी हरभऱ्याएवढ्या दहा गोळ्या गिळल्या होत्या. प्रत्येक गोळी आतड्याच्या भिंतीला जळवेसारखी चिकटते, भिंतीत बारीक प्रकाश सोडते आणि परतून आलेल्या प्रकाशातून आतलं चित्र जुळवते. पाच वर्षांपूर्वी हे फक्त उंदरांत जमत होतं, असं प्रांजली म्हणाली.

पडद्यावर गुलाबी लव उमटली. बोटांसारखे उंच, दाट, हलते उंचवटे, नजर जाईल तिथवर.

"हे तर टॉवेलचं कापड," दिगूच्या तोंडून निघून गेलं.

प्रांजली एकदम वळली. "अगदी! टॉवेलला फासे कशाला ठेवता तुम्ही?"

"पाणी जास्त टिपावं म्हणून. कापड तेवढंच, पण अंग वाढतं त्याचं."

"इथंही तेच. हे सगळं आतडं इस्त्री करून पसरलं तर साधारण वीस फूट लांब, वीस फूट रुंद होईल."

हणमंतानं मनातल्या मनात मोजलं. "म्हणजे आपला आखाडाच की!"

कुणी हसलं नाही. तिघंही आता निराळ्या नजरेनं पडद्याकडं बघत होते. त्या लवेखालून काहीतरी सरकत चाललं होतं. लांब, पारदर्शक, काचेच्या धाग्यासारखं.

"हा सूत्रकृमी," प्रांजली म्हणाली. "याची अळी अर्धा मिलिमीटर लांब असते. ओल्या मातीत राहते आणि माणसाच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात. खोकला आला की घशात येते, गिळली जाते आणि आतड्यात पोचते. तिथं मोठी होते, अंडी घालते. बाकीचे जंत पोरं जन्माला घालून बाहेर पाठवतात. याची काही पोरं बाहेर जातच नाहीत, आतल्या आत पुन्हा भिंतीत शिरतात. म्हणून एकदा आत आला की हा पन्नास वर्षंही राहतो. वस्तादांच्या पोटात तो पंचवीस वर्षं आहे."

"महापुरापासनं," हणमंत हळूच म्हणाला.

दिगूला आठवलं. पूर ओसरला तेव्हा आखाड्यात गुडघाभर गाळ होता, आणि त्या गाळात साऱ्या गावाची घाण. लोक म्हणाले, माती बदला. वस्ताद म्हणाले, आखाड्याची माती फेकत नसतात, आई फेकून देता का? त्यांनी गाळ उपसला, खालची माती वाळवली, ताक, हळद, लिंबू, कापूर घातला आणि महिनाभर स्वतःच्या हातांनी, दंडापर्यंत आत घालून, मळली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

"इतकी वर्षं त्यांच्या शरीरानं कृमींना दाबात ठेवलं होतं," प्रांजली सांगत होती. "मारू शकलं नाही, वाढूही दिलं नाही. मग दम्यासाठी कुणीतरी स्टेरॉइड दिलं. ते श्वासनळीची सूज उतरवतं, पण त्यासाठी राखणदार पेशींना गुंगी आणतं. राखणदार झोपले आणि शेकड्यांचे लाख झाले. जुनं औषध होतं, त्याला हे कृमी आता सरावलेत."

पडद्यावर अळीजवळ करड्या रंगाची एक गोल पेशी आली. तिच्यापुढं अळी म्हणजे साठ हातांचा अजगर. पेशीनं पसरून तिला बिलगायचा प्रयत्न केला आणि ती घसरली. दुसरी आली, तीही घसरली. अळी आपल्या चालीनं पुढं गेली.

वस्ताद पलंगावरून पुढं झुकले होते. चाळीस वर्षं आखाड्याच्या कडेला बसणारा माणूस जसा झुकतो, तसे.

"तेल लावून उतरलाय हरामखोर," ते म्हणाले.

प्रांजली थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. "काय म्हणालात?"

"अंगाला तेल लावलंय त्यानं. पकड बसंल कशी? माती लावा की त्याला."

"वस्ताद, हे समजायला मला सहा वर्षं लागली," प्रांजली म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "कृमीच्या अंगावर सायीसारखा थर असतो. तुमच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्या सायीला धरतात. पण कृमी साय सोडून देतो, अँटीबॉडीसकट, आणि खालून नवी आणतो. तुमचे पैलवान काय धरणार?"

"अँटीबॉडी म्हंजे?"

"माती. म्हणजे तुमच्या भाषेत. दोन हात आणि एक शेपूट असलेला बारीकसा कण. पेशीच्या हजारपट लहान. दोन हात शत्रूच्या अंगाला चिकटतात, शेपूट बाहेर राहतं. पेशीच्या अंगावर ते शेपूट धरायची मूठ असते. अशी लाखो शेपटं मिळाली की पेशीला पकड मिळते. नुसती पकडच नाही. शेपूट मुठीत आलं की पेशीला कळतं, इथं लढायचंय. आणि त्याच वेळी मदतनीस पेशींची हाक यावी लागते. हाक आहे आणि माती नाही, तर पेशी घसरते. माती आहे आणि हाक नाही, तर पेशी नुसती धरून बसते. दोन्ही मिळाली तर कृमी हलूच शकत नाही."

वस्तादांनी मान डोलवली. एखाद्या होतकरू पोरानं डाव बरोबर सांगितल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दिगू आणि हणमंताला प्रयोगशाळेत बोलावलं. तालमीतल्या एक्केचाळीस पैलवानांचं रक्त तिनं तपासलं होतं. आदल्या संध्याकाळी घेतलेलं दिगूचंही त्यात होतं.

"एक विचारते," ती दिगूला म्हणाली. "तुमची पाठ मातीला किती वेळ लागायची?"

हणमंत फिसकन हसला. "किती वेळ? मॅडम, ह्याची पाठ सुकलीच न्हाई कधी!"

मग त्यानंच सांगितलं. वस्तादांची एक शिस्त होती. जो पडेल त्यानं उठायचं नाही. आखाड्याच्या कडेला, उघड्या पाठीवर, तसंच मातीत पडून राहायचं. वस्ताद मोठ्यानं शंभर मोजायचे आणि मग म्हणायचे, "ऊठ." मधेच दुसऱ्या जोडीवर ओरडायचं असलं की आकडा थांबायचा. शंभर कधी पाच मिनिटांत व्हायचे, कधी वीस. "माती वळखू दे तुला," असं वस्ताद म्हणायचे.

प्रांजलीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"अळीला कातडीतून शिरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "हणमंतराव, तुमच्या तळपायाची कातडी ढोलासारखी, आणि पाठ तर तुमची कधी लागलीच नाही. दिगूदादा, तुमच्या पाठीतून त्या रोज थोड्या थोड्या शिरत होत्या. वस्तादांना एकदम खूप मिळाल्या, त्यांचं शरीर दबून गेलं. तुमचं शरीर शिकत गेलं. पाच वर्षं, हजारो वेळा. ही बघा."

पडद्यावर एक आकृती फिरत होती. दोन हात, एक शेपूट.

"ही तुमची. सायीला धरतच नाही. सायीखाली एक गाठ असते, ती कृमीला टाकता येत नाही, कारण त्याची कातडी त्या गाठीनंच अंगाला शिवलेली आहे. तुमच्या अँटीबॉडीनं नेमकी ती गाठ शोधलीय. एक्केचाळीस माणसांत एकट्या तुमच्या."

दिगूनं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. आठ वर्षांत आपण एक डावसुद्धा शिकलो नाही, असं तो आजवर धरून चालला होता.

"मग घ्या की अजून रक्त," तो म्हणाला.

"नुसत्या रक्तात ती फार थोडी उरलीय. ती बनवणाऱ्या पेशी मला हव्यात. एक जरी सापडली तरी तिच्यातली कृती वाचून आमचं यंत्र तीन दिवसांत हवी तेवढी अँटीबॉडी बनवतं. पण त्या पेशी प्लीहेत, हाडांच्या पोकळीत झोपल्यात. वीस वर्षं झोपल्यात आणि काही विसरलेल्या नाहीत. त्यांना उठवायला पाहिजे."

"कसं उठवणार?"

ती जरा घुटमळली. "तुम्हाला पुन्हा मातीत पाठीवर पडायला लागेल. वीस मिनिटं. वस्तादांच्याच कृमीच्या अळ्या, किरणांनी अधू केलेल्या. त्या आत शिरतील, पण वाढणार नाहीत. मात्र तुमचं शरीर त्यांना ओळखतं, त्यामुळं ते खवळेल. अंगावर गांधी उठतील. शंभरात एखाद्याची श्वासनळी आवळते. मी शेजारी असेन, औषध हातात असेल. तरीही धोका आहे, हे आधीच सांगते. आणि वस्तादांकडे बारा-तेरा दिवस आहेत."

दिगू उठून बाहेर व्हरांड्यात आला. हणमंत मागोमाग आला आणि कठड्याला टेकला.

"नगं वाटत असलं तर नगं म्हण," हणमंत म्हणाला. "कोण तुला बोलणार न्हाई. जत्रंच्या दिवशी मी हुतो तिथं."

त्या दिवशी दिगू शिस्तीप्रमाणं पडून राहिला होता. मैदानातल्या गलक्यात वस्तादांचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्यानं स्वतःच मनात शंभर मोजले. मग मान वळवून पाहिलं, तर वस्ताद पाठ फिरवून निघून चालले होते. 'ऊठ' कुणी म्हणालंच नाही. तो आपला आपण उठला होता.

"एक सांगू?" हणमंत म्हणाला. "ढाक मारायला मी तुझ्यावर शिकलो. भारंदाजचा डावबी तुझ्यावर. आमी सगळेच. तू पडलास म्हणून आमी उभं राहिलो, मर्दा. हे वस्तादांनी कधी बोलून दाखवलं न्हाई. आमीबी न्हाई."

"आज बरं सुचलं तुला."

"रक्त कोरं निघाल्यावर सुचलं."

दिगूला हसू आलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती फिरती आकृती होती. आपण मागाखाली पडून सूत जोडत होतो, जेवत होतो, झोपत होतो, आणि आपल्या हाडांत कुणीतरी जागच्या जागी, न चुकता, ती एक गाठ ध्यानात ठेवून बसलं होतं. त्यांना एकदा उठवून बघावं असं त्याला वाटलं. बापासाठी की स्वतःसाठी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

तो आत गेला. "माझं नाव त्यांना सांगू नका. माझं म्हटलं तर घेणार नाहीत."

"तालमीतल्या पैलवानाचं आहे, एवढं सांगीन," प्रांजली म्हणाली. "पण त्यांनी नाव विचारलं तर खोटं बोलणार नाही."

माती हणमंतानंच तालमीतून आणली होती. प्रांजलीनं ती वाफेवर निर्जंतुक केली तरी वास गेला नव्हता. ताक, हळद, कापूर. स्टीलच्या लांबट परातीत ती ओलसर पसरली होती. दिगूनं शर्ट काढला आणि पाठ टेकली. थंडगार स्पर्शानं त्याचं सारं अंग एकदम नऊ वर्षांचं झालं.

सवयीनं त्यानं मोजायला घेतलं. चाळिशीपर्यंत काहीच नाही. मग मुंग्या, मग खाज, मग पाठीवर कुणी तापल्या सुया टोचतंय असं. शंभर झाले. तो थांबला.

"अजून सोळा मिनिटं," प्रांजली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याची पाठ दोरखंडासारख्या वळांनी भरली. एका सकाळी छातीत घरघर सुरू झाली आणि प्रांजलीनं त्याला सलग दोन तास समोर बसवून ठेवलं, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघत. घरघर उतरली. आठव्या दिवशी तिनं रक्त घेतलं आणि संध्याकाळी ती धावतच बाहेर आली.

"उठल्या!" ती म्हणाली. "परवापर्यंत रक्तात एकही नव्हती, आज हजारो आहेत. वीस वर्षांनी, दादा!"

यंत्र तीन दिवस चाललं. इकडे वस्तादांचं स्टेरॉइड थोडं थोडं उतरवत आणलं होतं, कारण झोपलेल्या पैलवानांना माती देऊन उपयोग नव्हता. डोस कमी होत गेला तसा त्यांचा दम वाढत गेला. बाराव्या दिवशी सकाळी सलाइन लागली तेव्हा ते एका दमात चार शब्दांपेक्षा जास्त बोलू शकत नव्हते.

"कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या तालमीतल्या पैलवानाचं," प्रांजली म्हणाली.

वस्तादांनी समाधानानं हणमंताकडे पाहिलं. हणमंतानं खिडकीबाहेर पाहिलं. दिगू पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता.

दुपारी तीनला पडदा सुरू झाला. अँटीबॉडी एकेकटी दिसण्याएवढी मोठी नसते, म्हणून प्रांजलीनं तिला हिरवा चमकता रंग जोडला होता. गुलाबी लव तशीच हलत होती. तिच्या मुळाशी काचेचा धागा सरकत आला.

मग लवेखालच्या रक्तवाहिन्यांतून हिरवं धुकं झिरपू लागलं. ते अळीपर्यंत पोचलं आणि तिच्या अंगावर बसलं. आधी ठिपके, मग रेघा, मग डोक्यापासून शेपटापर्यंत सगळी अळी हिरवी. तिनं अंग आक्रसलं आणि साय सोडली. पारदर्शक पापुद्रा मागे राहिला. हिरवा रंग मात्र अंगावर तसाच होता.

"माती लागली," वस्ताद कुजबुजले.

एक करडी पेशी आली, टेकली, आणि या वेळी घसरली नाही. अळीनं तिला फरफटत नेलं, तरी सुटली नाही. दुसरी आली. तिसरी. दाणेदार लाल पेशी कुठून कुठून धावत आल्या आणि हिरव्या अंगाला भिडून आपल्या पोटातले दाणे तिच्यावर रिकामे करू लागल्या. जिथं एक बिलगे तिथून न दिसणारी हाक जाई आणि दहा वळून येत. न डोळे, न कान, न मेंदू. तरी प्रत्येकीला ठाऊक होतं कुठं धरायचं. कडेच्या पेशी फुगून चिकट बुळबुळीत धारा सोडू लागल्या आणि सारी भिंत एका संथ लाटेनं आवळली, आखडली, पुन्हा आवळली.

अळी तडफडली. मग नुसतं टोक हललं. मग तेही थांबलं.

बाजूच्या नऊ चौकटींत, बाकीच्या नऊ गोळ्यांच्या चित्रांत, जागोजागी हिरवं उजळत होतं. वस्तादांचे डोळे भरून आले होते. आपल्याच अंगात एवढे पैलवान असतील, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग, पडलेल्या गड्याकडे बघत, त्यांनी जुन्या सवयीनं सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

तिसाच्या पुढं आवाज चिरकू लागला. चौतीसला दम संपला. प्रांजलीनं ऑक्सिजन वाढवला. वस्ताद तोंड उघडत होते, पण आकडा बाहेर पडत नव्हता.

"पस्तीस," पायथ्याकडून आवाज आला. "छत्तीस."

दिगूनं पडद्यावरची नजर हलवली नव्हती. तो मोजत राहिला. साठ. सत्तर. अळीचा आकार आता पेशींच्या ढिगात विरघळत चालला होता.

ऐंशीच्या सुमारास वस्तादांना बोलण्याएवढा श्वास आला. "हणम्या," ते म्हणाले, "ही माती... तुझी न्हवं."

"न्हाई वस्ताद," हणमंत म्हणाला. "माझी पाठ कुठं लागली कधी?"

वस्तादांनी मान हळूहळू पायथ्याकडे वळवली. दिगूच्या सदऱ्याच्या गळ्यातून मानेवर चढलेला लाल वळ त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"अठ्ठ्याण्णव," दिगू म्हणत होता. "नव्व्याण्णव. शंभर."

आकडा संपला. दिगू गुडघ्यांवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

सलाइनची सुई लावलेला हात वस्तादांनी उचलला. त्यांनी श्वास गोळा केला.

"दिगू," ते म्हणाले. "ऊठ."